जोन ऑफ आर्क खरंच लढायची की नुसती नावाला सेनापती होती?

पंधराव्या शतकात फ्रान्सकडून इंग्रजांशी लढलेली जोन नावाला सेनापती नक्कीच नव्हती. हल्ल्यात ती निशाण घेऊन पुढे असायची. पुढे पकडली गेल्यावर तिच्यावर पाखंडाचा खटला चालला, त्यात तिनेच सांगितलं की कुणाला मारावं लागू नये म्हणून निशाण हाती धरायचे, आणि मी कधी कुणाला मारलं नाही. पण म्हणून ती मागे सुरक्षित बसली असं समजू नका. ७ मे १४२९ ला फ्रान्समधल्या ऑर्लेआँ शहरापाशी बाण लागूनही ती पुन्हा चढाईत उतरली. आदल्या ऑक्टोबरपासून ठाण मांडून बसलेल्या इंग्रजांनी दुसऱ्याच दिवशी वेढा उठवला. वय जेमतेम १७! डावपेच बहुतेक मुरलेले सरदारच आखत. थांबायचं की तुटून पडायचं, यावर मात्र ती त्यांच्याशी भांडायची. माझ्या मते तिचं खरं सेनापतिपद तिथे दिसतं.