बावीस माणसांना कागदावर ‘ठेकेदार’ करू का? – नका करू भाऊ, माझं ऐका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. नाशिकला पाथर्डी फाट्याला दोन बिल्डिंगांचं आरसीसीचं काम, बावीस माणसं, आणि टॅक्सवाला म्हणतो की प्रत्येकाकडून स्टॅम्पवर ‘मी स्वतंत्र लेबर कॉन्ट्रॅक्टर आहे’ असं लिहून घ्या, १९४सी (ठेकेदाराच्या बिलातून टॅक्स कापायचं कलम) खाली १ टक्का टीडीएस कापा, पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा) यांची कटकट संपली. बिल्डर पण तेच म्हणतो. हे वाचून अंगावर काटा आला कारण २०१७ च्या दिवाळीनंतर मी अगदी हेच केलं होतं, म्हसरूळच्या साइटवर, चौदा माणसांचं.

वीस माणसं झाली की पीएफ, दहा झाली की ईएसआयसी लागू वगैरे तुम्हाला माहिती असणार, त्यात जात नाही. मी वकील नाही, सीए पण नाही, बारावी झालेला आरसीसीवाला आहे, शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन लेबर कोड (कामगार कायदे) लागू झालेत त्यामुळे मी जुन्या कायद्यांच्या भाषेत बोलतोय, कलमं आणि फॉर्म बदलले असतील तर एखाद्या लेबर लॉवाल्याकडून तपासून घ्या. टॅक्सवाल्याकडून नाही, लेबर लॉवाल्याकडून. टॅक्सवाल्याचं चूक नसतं, तो फक्त इन्कम टॅक्सच्या चष्म्यातून बघतो, त्याच्या लेखी पैसे ‘पगार’ खात्यात नाही पडले की विषय संपला.

माझं काय झालं ते सांगतो.

शंभरचे चौदा स्टॅम्प आणले, सगळ्यांवर एकच मजकूर, एकच तारीख, साक्षीदार माझाच सुपरवायझर. निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं, अंगठे घेतले. आणि दुसऱ्या बाजूला हजेरी बुक माझ्याच हाताने लिहीत होतो. रोज ६५०, ओटी २ तास, ‘उशिरा आला, अर्धा रोज कट’, बुधवारी बाजाराची खर्ची, आवणीला (भातलावणीला) गावी गेला तेव्हाची उचल, सगळं. मला तेव्हा कळलंच नाही की एका हाताने मी त्यांना ठेकेदार म्हणतोय आणि दुसऱ्या हाताने ते माझे कामगार असल्याचा पुरावा लिहून ठेवतोय.

पण माझी खरी चूक स्टॅम्प नाही. स्टॅम्प तर पुढे फुसका निघाला. खरी चूक ९० दिवसांच्या दाखल्याची.

सुरगाण्याकडचा एक फिटर होता, तिशीतला, स्टील बांधायला एक नंबर. बांधकाम कामगार मंडळात (बांधकाम कामगारांना मदत देणारं सरकारी मंडळ) नाव नोंदवायचं तर मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, त्यावर ठेकेदाराची सही. तो फॉर्म, आधारची झेरॉक्स, तीन फोटो असं सगळं साखरेच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणायचा. जेवणाच्या सुट्टीत समोर येऊन उभा राहायचा, बोटांचा गंज कागदाला लागू नये म्हणून दोनच बोटांत तो धरलेला. दोन मुलं शाळेत, पहिली ते सातवीला मंडळाकडून वर्षाला २,५०० मिळतात असं कुणीतरी त्याला सांगितलेलं. मी टॅक्सवाल्याला फोन केला, तो म्हणाला अजिबात सही करू नका, सही केली की तो तुमचा कामगार ठरला, मग स्टॅम्पला काय अर्थ. मग मी ‘उद्या बघू’ म्हणालो. असं तीन वेळा.

नोव्हेंबर २०१८ मध्ये दुसऱ्या स्लॅबच्या बाहेरच्या बीमचं स्टील बांधताना परांचीची बल्ली सरकली आणि तो खाली आला. बारा फूट असेल. जीव वाचला पण उजव्या टाचेच्या हाडाचा चुरा. आता फिटरचं काम ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल, अख्खा दिवस उकिडवं बसून आकड्याने तार पिळायची असते. तो परत कधी उकिडवा बसू शकला नाही.

हॉस्पिटलचे १,४०,००० मी भरले. इन्शुरन्स कंपनीकडे गेलो तर म्हणे पॉलिसीत तुम्ही चारच माणसं दाखवलीत, आणि तुमच्याच कागदावर हा स्वतंत्र ठेकेदार आहे. फाइल बंद. मग लाज वाटून मंडळाच्या नोंदणीसाठी मीच त्याला घेऊन एका ऑफिसात गेलो, नाव घेत नाही, पाच चकरा. पहिल्यांदा त्यांची वेबसाइट बंद. दुसऱ्यांदा साहेब व्हिजिटला. तिसऱ्यांदा सांगितलं दुसऱ्या बिल्डिंगमध्ये जा, तिथे गेलो तर ते म्हणाले परत तिकडेच. कुबड्या घेऊन माणूस जिना चढतोय उतरतोय, बसायला बाकडं नाही. पाचव्यांदा खिडकीतल्या माणसाने कागद चाळले आणि म्हणाला अपघाताच्या आधीची नोंदणी नाही त्यामुळे मदत नाही, आणि तुमच्या हिशोबाने हा कामगारच नाही ना, मग इथे कशाला आलात? पाच चकरांत तेवढंच एक वाक्य बरोबर बोलला तो. मला उत्तर नव्हतं.

यातला सगळ्यात चीड आणणारा भाग म्हणजे त्या बिल्डिंगचा १ टक्का कामगार उपकर, ज्यातून मंडळ ही मदत देतं, तो बिल्डरने कधीच भरलेला होता. म्हणजे त्याच्या नावाने पैसे गेले होते, फक्त माझी सही नव्हती म्हणून त्याला दार बंद.

मग त्याच्या मेव्हण्याने वकील केला आणि नुकसानभरपाईची केस लागली. समोरच्या वकिलाने फार काही केलंच नाही. चौदा स्टॅम्प टेबलवर पसरले, मग हजेरी बुक उघडलं आणि विचारलं, ठेकेदाराचा अर्धा रोज कापतात का हो? माझाच वकील बाहेर येऊन म्हणाला मिटवा. त्यानेच समजावलं की कामगाराने स्वतःचा भरपाईचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं तरी कायद्यात त्याला किंमत नाही. मी म्हटलं पण किलोच्या रेटवर काम देतात तेव्हा तरी ठेकेदार होतो ना? तर तो म्हणाला मिठागरातले अगरिया (मीठ पिकवणारे) मिठाच्या वजनावर पैसे घ्यायचे, मदतीला स्वतःची माणसं पण लावायचे, तरी धरांगध्रा केमिकलच्या केसमध्ये १९५६ सालीच सुप्रीम कोर्टाने त्यांना कामगार धरलं, कारण काम कसं करायचं यावर ताबा कंपनीचा होता.

व्याजासकट दोन लाखाच्या वर गेले. आणि तेव्हा भरपाई काढताना महिन्याचा पगार जास्तीत जास्त ८,००० धरायचे, जानेवारी २०२० पासून १५,००० धरतात, म्हणजे आज तीच टाच जवळपास दुप्पट महाग. उलट ईएसआयसी असती तर उपचार सातपूरच्या कामगार हॉस्पिटलातून झाले असते, घरी बसल्याच्या काळात पगाराच्या ९० टक्के मिळाले असते आणि भरपाईचा दावा माझ्यावर उभाच राहिला नसता. खर्च किती? ६५० रोज, २६ दिवस, १६,९०० पगार, मालकाचा हिस्सा तेव्हा ४.७५ टक्के, महिन्याला ८०३ रुपये. आता तर ३.२५ टक्केच आहे. बांधकाम साइटच्या कामगारांना ईएसआयसी १ ऑगस्ट २०१५ पासूनच लागू होती, मला कुणी सांगितलं नाही असं म्हणायची पण सोय नाही.

आता तुमच्या बावीस जणांचं. माझं मत कुणाला पटेल कुणाला नाही.

खरा ठेकेदार वेगळा दिसतो. माझा टाइल्सवाला बघा. स्वतःचा कटर, स्वतःची सहा माणसं, स्क्वेअर फुटावर रेट, एकाच वेळी तीन साइट, उद्या येणार नाही म्हणाला तर मी फक्त शिव्या देऊ शकतो, रोज कापू शकत नाही. टाइल पोकळ वाजली तर खर्च त्याचा. त्याला खुशाल १९४सी लावा. पण त्याची सहा माणसं ठेकेदार नाहीत हां, ती त्याचे कामगार, आणि त्याने पीएफ ईएसआयसी भरलं नाही तर वसुली शेवटी वर येते, आधी तुमच्यावर, मग बिल्डरवर. म्हणून तुमचा बिल्डर ‘तेच करा’ म्हणतो यावर जाऊ नका, नोटीस आली की तो पहिला तुमच्याकडे बोट दाखवेल. पेटी ठेकेदाराचं (तुमच्या हाताखालच्या ठेकेदाराचं) बिल पास करताना त्या महिन्याचं पीएफ ईएसआयसी भरल्याचं चलन बघा, नाव न् नाव जुळवा, नाहीतर तेवढे पैसे अडकवून ठेवा.

मुकादमाची गंमत वेगळीच. कागदावर मुकादम ठेकेदार, पण बुधवारची खर्ची प्रत्येकाच्या हातात तुम्हीच देता, हजेरी तुमचा सुपरवायझर घेतो, हेल्मेट तुमचं, व्हायब्रेटर तुमचा. मग तो मुकादम म्हणजे फक्त आणखी एक कामगार, ज्याच्या नावावर तुम्ही बिल फाडता. आणि कुणी सांगेल बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढा, अकरा-अकरा वाटा. तेही नका करू, एकच काम एकच माणसं असली की दोन्ही एकच धरतात. पीएफची मागची वसुली आली की व्याज १२ टक्क्याने, दंड वेगळा.

माणसंच म्हणतील शेठ कापू नका, हातात द्या. म्हणणारच, त्यांचं बरोबर आहे, त्यांना पीएफचा पैसा कधी मिळालेलाच नसतो. अर्ध्या वेळा कारण एवढंच की आधारवर नाव एक, बँकेत दुसरं, आणि जन्मतारखेच्या जागी नुसतं साल. म्हणून माझी पद्धत, माणूस आला की पहिल्या आठवड्यात आधार दुरुस्ती, मगच यूएएन (पीएफचा नंबर). एक दिवस मोडतो पण पुढची सगळी डोकेदुखी जाते. फॉर्म भरून देणारे एजंट हजार-हजार घेतात, सरकारी फी नावापुरती आहे, सुपरवायझरला शिकवा.

आणखी एक, आता चांगल्या फिटरचा रोज ९०० च्या पुढे गेलाय, महिन्याचा हिशोब २१,००० च्या वर गेला की तो ईएसआयसीत बसत नाही. अशांसाठी वर्कमन कॉम्पेन्सेशन पॉलिसी (कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा विमा) काढा आणि त्यात खरा आकडा लिहा, पेटी ठेकेदाराच्या माणसांसकट. प्रीमियम वाचवायला मी चार लिहिले होते ते वर सांगितलंच.

रेट परवडत नाही म्हणाल तर ते खरंय. सिंहस्थाच्या कामांमुळे माणसं मिळत नाहीत, आणि शेजारचा ठेकेदार काहीच भरत नाही म्हणून स्क्वेअर फुटाला कमी कोट करतो. माझी दोन कामं यामुळेच गेली. मी आता कोटेशनमध्ये पीएफ ईएसआयसीची ओळ वेगळी दाखवतो, बिल्डर कापायला सांगतो तेव्हा लेखी मागतो. लेखी कुणी देत नाही.

सध्या तुमच्या हातात करण्यासारखं म्हणजे पाचशेचे बावीस स्टॅम्प घेऊ नका, ते ११,००० होतात. सगळ्यांना नेमणूकपत्र द्या, नवीन कोडमध्ये ते द्यायचंच आहे, मराठीत एक पान पुरतं. आणि बावीसपैकी ज्यांचे ९० दिवस भरलेत त्यांच्या फॉर्मवर याच बुधवारी खर्ची वाटताना सह्या करून टाका. मी वापरतो तो नेमणूकपत्राचा नमुना हवा असेल तर मेसेज करा, रात्री आठनंतर बघतो, दिवसा साइटवर फोन उचलत नाही.