जुना फोन एक्स्चेंजला देऊ नका

प्रश्न कांदिवलीच्या एका इंटिरिअर कॉन्ट्रॅक्टरचा आहे. कोटेशनबाहेरचं काम, म्हणजे लॉफ्ट, किचनची जादा कॅबिनेटं आणि हॉलचं फॉल्स सीलिंग, पार्टीने व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवून करून घेतलं. काम जून २०२४ मध्ये संपलं. साडेचार लाख अडकलेत आणि पार्टी आता ‘मी सांगितलंच नव्हतं’ म्हणते. स्क्रीनशॉट नोटरी करून ठेवलेत. नोटीस पाठवू की पोलिसांत जाऊ?

नोटिशीचं नंतर बघू. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलीय: फोन जुना झालाय, सणाच्या ऑफरमध्ये एक्स्चेंजला देणार. देऊ नका. तुमचा सगळा दावा त्या फोनमध्ये आहे.

नोटरीच्या शिक्क्याने स्क्रीनशॉट पुरावा होत नाही. एवढी मोठी रक्कम तोंडी हुकमावर अडकवायची आणि मग शिक्के मारत बसायचं, हे आता थांबवा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ (४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डसोबत प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यातल्या ६५ ब चाच हा पुढचा अवतार. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला हे प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलं. मात्र मूळ फोनच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन हजर केला तर त्याची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. एक्स्चेंजला दिलेला फोन कुठून हजर करणार?

नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात फोनचा मेक, मॉडेल, आयएमईआय नंबर, झालंच तर रंगसुद्धा विचारलाय. शिवाय फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारी तिची ओळखखूण, लिहून तिचा रिपोर्ट जोडायचा. एसएचए २५६ पद्धतीत ही ६४ अक्षर-अंकांची ओळ असते. फाइल तसूभर बदलली की ओळ पार बदलते, आणि उलटतपासणीत समोरचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो. भाग ब साठी सरकारने अधिसूचित केलेलाच तज्ज्ञ हवा का, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होतात. पात्रता आणि अनुभव कागदावर दाखवू शकेल, साक्षीला उभा राहील, असा माणूस निवडा.

आजच त्या चॅटमधले डिसअपिअरिंग मेसेज, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप पुसले जाणारे मेसेज, बंद आहेत ना ते बघा. चालू असतील तर बंद करा. गेलेले परत येणार नाहीत, आणि सेटिंग चालू असताना आलेले ते बंद केल्यावरही ठरल्या वेळी पुसले जातील; वाचतील ते फक्त पुढचे. नव्या फोनवर त्याच नंबरने व्हॉट्सॲप सुरू करू नका, जुन्यातून लॉगआउट होईल. तज्ज्ञाकडून कॉपी होईपर्यंत सिम तिथेच राहू द्या. चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करा, पण त्यावर विसंबू नका. त्यातली मजकुराची फाइल साध्या नोटपॅडमध्ये बदलता येते, हे कोर्टालाही ठाऊक आहे. व्हॉइस नोटच्या मूळ फाइली फोनच्या फोल्डरमधून थेट पेन ड्राइव्हवर घ्या आणि तिथल्या तिथे हॅश काढा. मला किंवा कुणालाही फॉरवर्ड करत बसू नका. स्क्रीनशॉट काढायचेच तर पार्टीचा नंबर दिसेल असे काढा. तुमच्या स्क्रीनशॉटवर नुसतं ‘शेठ फ्लॅटवाले’ दिसतंय. हे नाव तुम्ही सेव्ह केलेलं, तेव्हा ते कुणाचंही असू शकतं, असं पार्टी म्हणणारच.

कॉपी झाल्यावर फोन बंद करून कपाटात टाकाल तर बॅटरी फुगेल. अधूनमधून निम्मा चार्ज करा आणि पिन लिहून ठेवा. आपल्याकडे दावा दाखल झाला म्हणजे साक्ष लगेच होते असं नाही. दिंडोशीच्या दिवाणी कोर्टात तुमचा नंबर लागेपर्यंत हा फोन सुरू व्हायला हवा.

पोलिसांत जाऊन फारसं काही हाती लागणार नाही, ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवतील. नोटीस पाठवा, पण नोटिशीने दावा दाखल करायची मुदत थांबत नाही. पैसे कधी द्यायचे ते ठरलं नसेल तर मुदत कायद्याच्या अनुच्छेद १८ प्रमाणे काम संपल्यापासून तीन वर्षं, म्हणजे जून २०२७. ‘देतो, थांबा’ असा मेसेज मुदत वाढवेल का, यावर वाद होऊ शकतो. त्या भरवशावर राहू नका. रक्कम तीन लाखांच्या वर असल्याने हा वाद व्यावसायिक ठरला तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. तो काळ मुदतीतून वगळला जातो, पण अर्ज तर आधी करावा लागेल. शेवटचा मे महिना उन्हाळी सुट्टीत जातो, म्हणून कोटेशन, मालाची बिलं आणि प्रमाणपत्र घेऊन वकिलाकडे २०२६ संपायच्या आत जा.