चित्रकला ठेवायची की खो-खो?

प्रश्न: ताई नमस्कार. मुलगी आठवीत, तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा. दोन वर्षांत चित्रकलेचे सर आणि पीटीचे सर दोघंही रिटायर झाले, त्या जागा परत भरल्याच नाहीत. संस्था पदरचे पैसे घालून मानधनावर दोघांना बोलवत होती, आता म्हणते एकालाच परवडेल, कोण ते पालक-शिक्षक संघानं ठरवा. मीटिंगमध्ये नुसती भांडणं. निम्मे म्हणतात खेळाचे मार्क मिळतात, पोलिस भरतीला उपयोग होतो, चित्रकला काय यूट्यूबवर पण शिकतात. माझी मुलगी चित्रं काढते म्हणून मी बोलले की तुमचा स्वार्थ म्हणतात. काय करू?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर: अहो स्वार्थ आहेच, असू दे की! खो-खोवाल्यांचा नाहीये का?

मार्कांचंच म्हणाल तर इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेला ए ग्रेड आली की दहावीला 7 मार्क, बी ला 5, सी ला 3, आणि परीक्षेला बसायला कुठल्या टीममध्ये निवड व्हावी लागत नाही. खेळाचे मार्क मिळतात ते स्पर्धेत ठरावीक लेव्हलपर्यंत पोचणाऱ्यांना, म्हणजे टीममधल्या डझनभर पोरांना. पण म्हणून पीटीचे सर नकोत असं मी अजिबात म्हणणार नाही, दिवसभर बाकावर बसलेली पोरं त्या एका तासालाच काय ती पळतात.

मला खरं खटकतं ते 'एकच निवडा' हे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीत शंभरच्या वर मुलं असली की कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण या तिन्हींना अर्धवेळ निदेशक (म्हणजे शिकवणारे) द्यायचे असं लिहिलंय, तिन्हींना, कुठल्या तरी एकाला नाही. पट तेवढा असेल तर संघाच्या नावानं शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या आणि पोच घ्या. लगेच पैसे येतील अशा भ्रमात राहू नका पण कागद झालेला बरा.

आता पैशांचं. मी मुलाच्या शाळेत संघावर होते तेव्हा हिशोबाची वही मागितली, 'कला' या नावाखाली काय होतं, तर गॅदरिंगचा मांडव, साउंडवाला, भाड्याचे ड्रेस. आणि संगीताच्या खोलीतल्या तबल्याची पुडी दोन वर्षं फाटलेली, पोरं बाकावरच ठेका धरायची. 'क्रीडा' या नावाखालीही टीशर्ट आणि ट्रॉफ्याच जास्त निघाल्या. तुमच्याकडेही असंच काहीतरी निघेल बघा. गॅदरिंग एक वर्ष दुपारी शाळेच्याच मैदानात करा, घरच्या साड्या नेसून करा, टीशर्टचं माजी विद्यार्थ्यांच्या गळ्यात घाला.

तरी कमी पडलं तर दोघांना तीन-तीन दिवस बोलवा, उरलेले दिवस शेजारच्या शाळेनं घ्यावेत, त्यांच्याकडेही हीच रड असणार, म्हणजे त्या माणसांनाही महिन्याचं पुरेसं मानधन सुटेल, नाहीतर अर्ध्या पैशात एसटीचं भाडं घालून कोण येणार?

पुढच्या मीटिंगला चित्रकलेचं नावच काढू नका, गॅदरिंगचं मागच्या वर्षीचं बिल मागा फक्त. आणि हो, मुलीची एलिमेंटरी, म्हणजे इंटरमिजिएटच्या आधीची परीक्षा, झाली का? फॉर्म शाळेतूनच जातो, सर नाहीत म्हणून तो राहून जाईल, मुख्याध्यापकांना आत्ताच आठवण करा.