टाइमशेअरचा आठवडा देऊन क्रूझ घ्यावी का?

महाबळेश्वरच्या रिसॉर्टमधला टाइमशेअरचा आठवडा, म्हणजे दरवर्षी आठवडाभर राहायचा विकत घेतलेला हक्क, यंदा वापरला जाणार नाही, तर तो देऊन सिंगापूरची क्रूझ घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. माझं मत, बहुतेक वेळा नको.

आठवडा दिला की क्रूझ फुकट असं नसतं हो, आरसीआय किंवा इंटरव्हल इंटरनॅशनलसारख्या, आठवड्यांची अदलाबदल करून देणाऱ्या एक्सचेंज कंपनीत आठवडा जमा करायचा, मग क्रूझच्या भाड्यात थोडी सूट मिळते आणि उरलेले पैसे रोख भरायचे, वर पोर्ट चार्जेस, टॅक्स आणि जहाजावरची टिप, जी बहुतेक ठिकाणी माणशी दर रात्रीची लावतात, ते सगळं आपल्याच खिशातून. आणि रिसॉर्टचे वर्षाचे मेंटेनन्सचे पैसे तर आधीच भरून बसलेले असता, ते कोणी हिशोबात धरतच नाही!

इथे बडोद्यात एका एजंटने माझ्या आत्तेभावाला कोटेशन दिलं, वरती ठळक अक्षरात सूट आणि खाली बारीक टाइपात बाकीचं सगळं, तीच तारीख, तीच खिडकीवाली केबिन क्रूझ कंपनीच्या साइटवर बघितली तर जवळपास तेवढ्यालाच. मग आठवडा कशाला घालवायचा?

जहाजाचं नाव, तारीख, केबिनचा प्रकार आणि सगळं धरून एकूण आकडा लेखी मागा, साइटशी ताडून बघा, फरक मेंटेनन्सपेक्षा जास्त निघाला तरच द्या. आठवडा लॅप्सच होणार असेल, पुढच्या वर्षावर टाकताही येत नसेल, तर गोष्ट वेगळी, मिळेल ती सूट घेऊन टाका. नुसती हौसच असेल तर मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची क्रूझ निघते, रात्रीच्या गाडीने गेलं की झालं, विमानाचं तिकीट तरी वाचतं.