नायसिनमाइड: टक्के वाढवून डाग लवकर जातात का?

प्रश्न: गालावर वांग आहे. पाच टक्क्यांचं सीरम महिनाभर लावलं, फरक नाही. आता दहा टक्क्यांचं आणू का?

नका आणू. नायसिनमाइड, म्हणजे बी-3 जीवनसत्त्वाचं एक रूप, मेलॅनिन तयार होणं थांबवत नाही. तयार झालेलं मेलॅनिन रंगपेशींकडून त्वचेच्या वरच्या पेशींकडे जातं, त्या वाटेत ते अडथळा आणतं. वर पोचलेला रंग पेशींबरोबर झडून जाईपर्यंत थांबावंच लागतं. बहुतेक अभ्यास 2 ते 5 टक्क्यांवर आणि 8 ते 12 आठवड्यांचे आहेत. त्यापुढे टक्के वाढवून गुण वाढतो याला भक्कम आधार नाही, चुरचुर मात्र वाढू शकते.

2011 मध्ये वांग असलेल्या 27 स्त्रियांच्या चेहऱ्यावर एका बाजूला 4 टक्के नायसिनमाइड आणि दुसऱ्या बाजूला 4 टक्के हायड्रोक्विनोन (डाग फिकट करणारं औषध) 8 आठवडे लावलं गेलं. चांगली सुधारणा अनुक्रमे 44 आणि 55 टक्के जणींत दिसली. नायसिनमाइड थोडं मागे राहिलं, पण त्रासही कमी झाला. अभ्यास लहान आहे, तरी सौम्य औषधाला वेळ द्यावा असं मला त्यावरून ठामपणे वाटतं. रोज सनस्क्रीन लावत नसाल तर मात्र ही सगळी मेहनत वाया जाते. ऊन रंगपेशींना पुन्हा कामाला लावतं.

प्रश्न: लावल्यावर चेहरा लाल होऊन तापतो. ॲलर्जी असेल का?

खरी ॲलर्जी क्वचितच असते. नायसिनमाइडचं भावंड असलेल्या निकोटिनिक आम्लामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात आणि चेहरा लाल होतो. उत्पादनात त्याचा अंश राहिला असेल तर असं घडू शकतं. पण असं ठरवण्याआधी घरातल्या बाटल्यांवरची घटकांची यादी वाचा. फेसवॉश, टोनर, सीरम, क्रीम, सगळ्यांतच नायसिनमाइड निघतं आणि थरावर थर चढत जातात. रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या गटातली औषधं) किंवा त्वचा सोलणाऱ्या आम्लांच्या वापराने त्वचा आधीच सोलवटलेली असेल तर साधं क्रीमही झोंबतं.

आठवडाभर फक्त सौम्य क्लेन्झर आणि मॉइश्चरायझर वापरा. मग 2 टक्क्यांचं उत्पादन कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहा आणि नंतरच चेहऱ्याला, एक दिवसाआड. खाज टिकली, सूज आली किंवा डोळ्यांभोवती पुरळ उठलं तर लावणं बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न: व्हिटॅमिन सी सोबत चालतं का?

चालतं. दोन्ही एकमेकांना निकामी करतात ही समजूत जुन्या प्रयोगांवरून आली. आजच्या स्थिर उत्पादनांना ती लागू पडत नाही. एकत्र लावून झोंबत असेल तर एक सकाळी, एक रात्री लावा.

प्रश्न: सुरू केल्यापासून पुळ्या वाढल्या. ‘आतली घाण बाहेर पडते’ म्हणून चालू ठेवू?

नका ठेवू. सुरुवातीला पुळ्या वाढणं हे पेशींची उलाढाल वेगाने करणाऱ्या रेटिनॉइडसारख्या औषधांत दिसतं. नायसिनमाइड तसं काम करत नाही. दोष बहुधा त्या उत्पादनातल्या तेलकट किंवा सुगंधी घटकांचा असतो. ते बदला. नायसिनमाइडमुळे त्वचेतलं सेरामाइड, म्हणजे ओलावा टिकवणारा स्निग्ध घटक, वाढतं, तेलकटपणाही काहींचा कमी होतो, त्यामुळे मुरुमांच्या त्वचेला ते सहसा मानवतं.

प्रश्न: गरोदरपणात लावू का?

हो. त्या काळात रेटिनॉइड टाळायचे असतात. नायसिनमाइडचं क्रीम सुरक्षित मानलं जातं. गोळ्यांचा विषय वेगळा आहे. त्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.