जुनं विमान आणि खारा वारा: वाचकांचे प्रश्न

छोट्या खासगी विमानांवरच्या लेखानंतर गोव्यातून बरीच पत्रं आली. काही देखभालीबद्दल आहेत, काही अपघातांबद्दल. सगळी छापणं शक्य नाही. एकाच मुद्द्यावरच्या पत्रांपैकी एकेक निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: आम्ही चौघे मिळून १९७५ सालचं सेसना १७२ एम घ्यायच्या विचारात आहोत. इंजिन लायकोमिंग ओ-३२०. ओव्हरहॉलनंतर (म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्त केल्यानंतर) ११५० तासच चाललंय, म्हणजे अजून ८५० तास बाकी आहेत, असं विकणारा सांगतो. मात्र गेले तीन पावसाळे विमान जागेवरच उभं आहे. घ्यावं का? (एक वाचक, फोंडा)

विकणारा अर्धंच सांगतोय. या इंजिनाला लायकोमिंगने दिलेली ओव्हरहॉलची मुदत २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते, अशी आहे. तेव्हा लॉगबुकात आधी ओव्हरहॉलची तारीख शोधा, तासांचं नंतर बघू.

तीन पावसाळे उभं राहिलेल्या लायकोमिंगमध्ये पहिला मार बसतो कॅमशाफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला. या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद राहिलं की त्यावरचं तेल हळूहळू निथळून जातं आणि दमट हवेत लोब (दांड्यावरचे उंचवटे) आणि त्यांना टेकणाऱ्या टॅपेटच्या तोंडावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. पुढे इंजिन चालू झालं की तो खडबडीत पृष्ठभाग एकमेकांना किसून काढतो. कॅम आणि टॅपेट बदलायचे तर क्रँककेस उघडावीच लागते, म्हणजे खर्च जवळपास ओव्हरहॉलच्या घरात जातो.

हे व्यवहाराआधी कळू शकतं. इंजिन गरम करून तेल काढा, फिल्टर कापा आणि कागदाच्या घड्या पसरून त्यावर चुंबक फिरवा. चुंबकाला चमकदार कपचे चिकटले तर तिथेच थांबा. फिल्टर साफ निघाला तरी निर्धास्त होऊ नका, कारण गंज चढलेला पण अजून न चाललेला कॅम फिल्टरमध्ये काहीच टाकत नाही. मालक तयार असेल तर एक सिलिंडर उतरवून लोब प्रत्यक्ष बघा. त्याचा खर्च तुम्ही देऊ करा, परवडतो.

कॉम्प्रेशन चाचणी, म्हणजे सिलिंडर दाब किती धरतो ते बघणं, इंजिन गरम असतानाच करायची. ८० पीएसआय हवा सोडल्यावर ७० च्या पुढे आकडा टिकला तर उत्तम, ६० च्या खाली गेला तर सिलिंडर उतरवायची वेळ आली असं समजा. आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो आवाज. हवा एक्झॉस्टमधून सुसू करत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. तेल भरायच्या नळीतून येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गळताहेत.

आता सांगाडा. गोव्यात आम्ही इंजिनापेक्षा याचीच काळजी जास्त करू. गालिचा आणि जमिनीचे पत्रे उचलून पोटातली बाजू बघा. आवाज दाबायला भिंतींना चिकटवलेली फायबरग्लासची गादी ओल धरून ठेवते, ती सोलून मागचा पत्रा तपासा. बॅटरीच्या पेटीभोवती, पंखाच्या टेकूचे दोन्ही सांधे, फ्लॅपच्या पट्ट्या, एलेव्हेटरच्या ट्रिम टॅबची फोम भरलेली मागची कड, नियंत्रणांच्या केबली जिथे पुलीवरून वळतात ती जागा, हे सगळं टॉर्च आणि आरसा घेऊन बघा. रंगाखाली केसासारख्या वळवळत्या रेषा दिसल्या तर पत्र्यावर गंज पसरतोय. रिव्हेटच्या मागे काळा ओघळ दिसला तर तो रिव्हेट ढिला होऊन हलतोय.

पायलटच्या सीटच्या रुळांचीही भोकं मोजायला सांगा. ती झिजली की अडकवलेली पिन सुटते आणि उड्डाणाच्या क्षणी सीट मागे घसरते. हातात स्टिअरिंग असलेला माणूस मागे जाताना तेच ओढतो, नाक वर उचललं जातं आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपते. यासाठी अमेरिकेच्या एफएएने (तिथल्या विमान वाहतूक नियामकाने) १९८७ साली सक्तीची तपासणी लावली, ती सुधारित स्वरूपात आजही लागू आहे. तिची नोंद लॉगबुकात नसेल तर बाकीच्या नोंदींवरही फार भरवसा ठेवू नका.

एकूण आमचं मत विचाराल तर, इंजिनाची किंमत शून्य धरून भाव करा. त्या भावात पटत असेल तर घ्या.

प्रश्न: पावसाळ्यात उड्डाण होत नाही म्हणून दर रविवारी पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवतो. एवढं पुरेसं आहे ना? (एक वाचक, म्हापसा)

उलट नुकसान होतंय, ते आजच बंद करा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं. त्यातला काही भाग रिंगांच्या फटीतून तेलात उतरतो. पाणी उडून जायला तेल निदान ७४ अंश सेल्सिअसला पोचावं लागतं आणि तिथे सुमारे तासभर राहावं लागतं. जमिनीवर पंधरा मिनिटांत ते होत नाही, आणि समोरून हवेचा झोत नसल्यामुळे सिलिंडर मात्र वेडेवाकडे तापतात. पाणी आणि ज्वलनातली आम्लं मिळून त्याच कॅमवर जाऊन बसतात.

जूनमध्ये विमान उभं करायचंच असेल तर असं करा. शेवटचं तासाभराचं उड्डाण करून उतरल्याबरोबर गरम तेल काढून टाका आणि इंजिन जतन करण्याचं खास तेल भरा, मग इंजिन थोडं फिरवा. वरचे स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेच तेल फवारा आणि त्या भोकांत ओल शोषणारे डिहायड्रेटर प्लग बसवा. यानंतर प्रोपेलरला हात लावायचा नाही. लावलात तर सिलिंडरच्या भिंतीवर बसलेला तेलाचा थर रिंगा पुसून काढतात. एक्झॉस्ट, हवेचं तोंड, ब्रीदर (क्रँककेसची हवा सोडणारी नळी) बंद करून लाल फिती लावा आणि किती जागा बंद केल्या त्याची यादी कॉकपिटमध्ये ठेवा. प्लगमधले निळे दाणे गुलाबी झाले की बदला. गोव्याच्या जुलैत ते भराभर गुलाबी होतात, तेव्हा आठवड्याला एकदा नजर टाका. टाक्या काठोकाठ भरून ठेवा, रिकाम्या जागेतच ओल धरते. बॅटरी काढून घरी न्या.

पाऊस संपला की प्रत्येक टाकीच्या तळाचा आणि गाळणीचा नमुना काढा. १००एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळसर असतं आणि पाणी तळाशी वेगळं दिसतं. पण पेला पूर्ण पाण्यानेच भरला तर दोघांमधली रेषा दिसत नाही आणि माणूस फसतो. म्हणून रंग पांढऱ्या पृष्ठभागासमोर धरून बघा आणि वासही घ्या.

प्रश्न: ऑक्टोबरात समुद्रावरून खाली येताना थ्रॉटल कमी केला, तेव्हा इंजिन थरथरलं आणि आरपीएम घसरला. कसाबसा उतरलो. एएमईने (विमान देखभाल अभियंत्याने) सगळं उघडून पाहिलं, काहीच सापडलं नाही. मग झालं काय? (एक वाचक, वास्को)

बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला होता. उतरेपर्यंत तो वितळला, मग एएमईला सापडणार काय?

गोव्यात बर्फ कुठला, असं वाटेल. पण कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात, म्हणजे व्हेंचुरीत, हवा पसरते आणि पेट्रोलची वाफ होते, तेव्हा तापमान २० अंश किंवा त्याहूनही जास्त खाली येतं. बाहेर २५ अंश आणि दमट हवा असेल तर आतला आकडा शून्याच्या जवळ जातो आणि त्या हवेत पाण्याला तोटा नसतो. थ्रॉटलची चकती बंद होत आलेली असते तेव्हा सगळ्यात लवकर धरतं, म्हणूनच हे बहुधा खाली येतानाच घडतं. ओ-३२० चा कार्ब्युरेटर तेलाच्या सम्पखाली असल्यामुळे त्याला थोडी ऊब मिळते. जुन्या १७२ मधलं सहा सिलिंडरचं काँटिनेंटल इंजिन याबाबतीत जास्त नाजूक.

करायचं एवढंच: थ्रॉटल ओढण्याआधी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) पूर्ण ओढा. अर्धवट नको. कार्ब्युरेटरचं तापमान दाखवणारा काटा नसेल तर अर्धवट गरम हवेने कोरडे हिमकण वितळून पुन्हा पुढे जाऊन गोठू शकतात. बर्फ आधीच धरला असेल तर कार्ब हीट ओढल्यावर आरपीएम आणखी घसरेल, इंजिन धडधडेल, कारण वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये जातंय. घाबरून नॉब परत आत ढकलणारे इथेच फसतात. थांबा, आरपीएम आपोआप वर येतो.

जमिनीवर १७०० आरपीएमला मॅग्नेटो (स्पार्क प्लगला वीज देणारी यंत्रं) तपासता (एका मॅग्नेटोवर घट १२५ पेक्षा जास्त नको, दोघांत फरक ५० पेक्षा जास्त नको), त्याच वेळी कार्ब हीट ओढून बघा. आरपीएम अजिबात उतरला नाही तर गरम हवेची नळी फाटली आहे किंवा झडप सुटली आहे.

दुसरी एक शक्यता: थंड इंजिन सुरू करतानाही असंच अडखळत असेल आणि तापल्यावर गप्प होत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकतोय. ते एएमईला मुद्दाम सांगा, नुसतं उघडून दिसेलच असं नाही.

प्रश्न: काउलिंगचे आणि सीटचे बोल्ट गंजले. बाजारात चांगले स्टेनलेसचे मिळतात, तेच का वापरू नयेत? (एक वाचक, मडगाव)

आधी माप. विमानाचा एएन-३ बोल्ट (एएन हे विमानाच्या बोल्टचं अमेरिकी मानक) ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिलिमीटर. बाजारातला एम-५ त्यात जात नाही, मग कोणीतरी भोक मोठं करतं आणि तो सांधा कायमचा बिघडतो. दुसरं, एएन बोल्टची ताकद १,२५,००० पीएसआय, म्हणजे सुमारे ८६० मेगापास्कल. बाजारातला ए२-७० असं कोरलेला स्टेनलेस ७०० चा. तिसरं, स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. एएनचा कॅडमियमचा मुलामा हे टाळण्यासाठीच असतो. बोल्ट कागदपत्रांसह मागवा आणि पार्ट कॅटलॉगमधला क्रमांक वाचून मागवा. जुना बोल्ट दाखवून ‘असाच द्या’ म्हणू नका. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न: अपघात झाला की दोन दिवसांत पायलटची चूक असं बातम्यांत येतं. खरं कारण ठरवतं कोण आणि कसं? (एक वाचक, डिचोली)

आपल्याकडे हे काम एएआयबीचं, म्हणजे २०१२ साली स्थापन झालेल्या अपघात तपास ब्युरोचं. तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं, दोष ठरवणं नव्हे, असं आंतरराष्ट्रीय करारातच लिहिलं आहे. प्राथमिक अहवाल साधारण ३० दिवसांत येतो. त्यात फक्त काय घडलं ते असतं. का घडलं, याला बहुधा वर्ष लागतं, कधी जास्तही. दोन दिवसांतल्या बातमीला म्हणूनच फार किंमत देऊ नका.

१० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं आणि १७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडून गेली. कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला, कर्मचाऱ्यांनी पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले. काच २७ तास आधीच बदलली होती. तिच्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट ०.०२६ इंचाने बारीक होते, उरलेले सहा आखूड. बोल्ट निवडणाऱ्या अनुभवी माणसाने क्रमांक न बघता जुना बोल्ट समोर धरून जुळवला होता.

तपास त्याच्या नावापाशी थांबला असता तर काहीच हाती लागलं नसतं. तपासणाऱ्यांनी पुढे विचारलं: रात्रपाळी, माणसं कमी, बोल्टच्या कप्प्यांजवळ उजेड अपुरा, उतरवलेले जुने बोल्टही मुळात चुकीचे. काच बाहेरून बसवायची रचना असल्याने आतला दाब तिला बाहेरच ढकलणार. काम झाल्यावर दुसऱ्या कोणी तपासणं आवश्यकही नव्हतं. यातली एक गोष्ट वेगळी असती तरी विमान धडपणे पोचलं असतं.

गोव्याच्या दृष्टीने मात्र दुसरं उदाहरण जास्त जवळचं. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं पुढचं छत २४,००० फुटांवर उडालं. एक हवाई सेविका गेली. विमान १९ वर्षांचं, ८९,६८० उड्डाणांचं, सगळी छोटी छोटी, समुद्राच्या खाऱ्या हवेत. पत्र्यांच्या सांध्यातली चिकटवण सुटली, ओल शिरली, रिव्हेटच्या भोकांपासून भेगा निघून एकमेकींना मिळाल्या. विमानात चढताना एका प्रवाशाला भेग दिसली होती, ती कोणालाच सांगितली नाही. अमेरिकी तपास मंडळाने बोट ठेवलं ते देखभालीच्या पद्धतीवर.

प्रश्न: हँगर नाही, विमान उघड्यावर असतं. पिटो ट्यूबला (वेग मोजायला बाहेर बसवलेल्या नळीला) कव्हर लावणं खरंच इतकं गरजेचं आहे का? (एक वाचक, पेडणे)

हो. कुंभारीण माशी पावसाळ्यानंतर अशीच अरुंद नळी शोधत असते आणि एका दुपारीही माती भरू शकते. मग धावपट्टीवर वेगाचा काटा हलत नाही, किंवा वर गेल्यावर भलताच वेग दाखवतो. १९९६ साली डोमिनिकन रिपब्लिकजवळ १८९ जण गेलेल्या बिर्गेनएअरच्या बोइंग ७५७ च्या तपासातही पिटो ट्यूब अशाच बंद झाल्याचा संशय होता. ते विमान कव्हरशिवाय बरेच दिवस उभं होतं. लांब लाल फीत असलेलं कव्हर घ्या. नळी बंद झालीच तर बाहेरून फुंकू नका, काट्याचा पडदा फाटतो. एएमईला बोलावून मागची जोडणी सोडवून घ्या आणि मगच साफ करा. उड्डाणाच्या धावेत काटा जिवंत झालाय का, हे तर दरवेळी मोठ्याने म्हणून बघा. नसेल तर धावपट्टी उरलेली असतानाच थ्रॉटल बंद करा.