तो दारात आला की राग कुठे जातो?

प्रश्न : ताई, माझं वय ३२, आमचं नातं चार वर्षांचं. काही खटकलं की तो बोलणं बंद करतो; कधी एक दिवस, कधी आठवडाभर. मेसेज वाचतो, उत्तर देत नाही. मला बढती मिळाली त्या दिवशीही हेच केलं. तेव्हा मनातल्या मनात मी त्याला काय काय सुनावते! मग एखाद्या रात्री अकराला तो दारात उभा राहतो, हात धरतो आणि मी विरघळते. लिहायला लाज वाटते, पण भांडणानंतर जी जवळीक होते तशी एरवी कधीच होत नाही. सकाळी त्याच्याहून जास्त माझीच चीड येते. यातलं खरं काय, राग की ओढ?

उत्तर : दोन्ही खरं. आणि लाज कसली? इतके दिवस जीव टांगणीला लागल्यावर सुटका झाली की शरीर त्या सुटकेलाच प्रेम समजतं. टांगणारा आणि सोडवणारा माणूस एकच, ही यातली खरी मेख.

डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८१मध्ये हेच मांडलं होतं : एकाचा वरचष्मा असेल आणि छळ व माया आलटून-पालटून मिळत असेल, तर बंध सैल पडण्याऐवजी घट्ट होतो. छळाच्या नात्यातून बाहेर पडलेल्या ७५ स्त्रियांचा त्यांचा अभ्यास १९९३मध्ये आला. सहा महिन्यांनंतरही त्यांची ओढ सरासरी २७ टक्क्यांच्या आसपासच उतरली होती. म्हणून ‘मन उडालं की सोडेन’ असं ठरवून बसला असाल, तर तो दिवस आधी येणार नाही. ओढ असतानाच निघावं लागतं. ती मागाहून, सावकाश उतरते.

तुमच्या पत्रातल्या बढतीपाशी मी थबकले. त्या दिवशी त्याला खटकण्यासारखं तुम्ही काय केलं होतं? मला तरी तुमच्या आनंदाखेरीज काही दिसत नाही. आणि तो येतो रात्री अकराला. त्या वेळी कोण कशाचा जाब विचारणार? सकाळी विषय शिळा झालेला असतो, तुमचा राग मात्र तसाच राहतो. तो जायला कधी वाटच मिळालेली नाही, मग तो तुमच्यावरच उलटतो.

पुढच्या वेळी तो आला की दारातच म्हणा, ‘आज नको, उद्या दुपारी बाहेर भेटून बोलू.’ तो चरफडला आणि तरीही दुपारी आला, तर बोलण्याला अजून जागा आहे. पुन्हा अबोला धरला, तर तुमच्या नकाराची शिक्षा ठरलेली आहे, असं समजा.

मात्र त्याने कधी हात उगारला असेल, वस्तू फेकली असेल, किंवा हे वाक्य उच्चारायचीच तुम्हाला भीती वाटत असेल, तर हा प्रयोग अजिबात करू नका. आधी विश्वासाच्या एका माणसाला सगळं सांगा, कागदपत्रं आणि थोडे पैसे त्या माणसाकडे ठेवा, आणि सोडून जायचा बेत जोडीदाराच्या कानावर घालू नका.